राब, वाल आणि ताग : ठाणे परिसरातील भातशेतीतील फेरपालट व आच्छादन पिकांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

माजिवड्याच्या नाक्यावरून घोडबंदरकडे निघाले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी अशी रस्त्याची मांडणी दिसते. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात मानपाडा, कावेसर, वडवली, ओवळे, मोघरपाडा, भाईंदरपाडा, गायमुख ही गावे वसली. डोंगराचा पाला, मधली खाचरे आणि खाडीकाठची खारजमीन या तिन्हींवर मिळून येथील शेतीचा संसार उभा होता. आज त्या पट्ट्यात निवासी मनोरे उभे आहेत आणि 'घोडबंदर रोड' हे नाव ऐकल्यावर भातशेती कोणास आठवत नाही. तथापि, शेतीच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रश्नासाठी हा परिसर उपयुक्त ठरतो. तो प्रश्न असा : मुख्य पीक निघाल्यानंतर जमीन उघडी न ठेवता तीवर शेंगवर्गीय पीक घ्यावे, जमीन झाकावी व तिचा कस राखावा, हा सल्ला शतकाहून अधिक काळ दिला जात असूनही भाताच्या खाचरात तो सर्वत्र का रुजला नाही?

या प्रश्नाचे शासकीय अहवालांतून वारंवार आढळणारे उत्तर म्हणजे शेतकऱ्याचे अज्ञान व परंपराप्रियता. प्रस्तुत लेखकास हे उत्तर मान्य नाही. पिकांची फेरपालट ही केवळ कृषिशास्त्राची बाब नसून जमिनीवर, पाल्यावर आणि चराईवर कोणाचा हक्क आहे याचीही बाब आहे, असे ठाणे परिसराच्या उदाहरणावरून दिसते. 'ठाणे जिल्हा' ही संज्ञा येथे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या जिल्ह्यासाठी वापरली आहे.

'बेवड' ही संकल्पना

'आच्छादन पीक' हा शब्द नवा आहे. त्यामागील विचार मात्र मराठी शेतकऱ्यास नवा नाही. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या गुणास किंवा दोषास देशावर 'बेवड' म्हणतात. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीवर ज्वारीचा बेवड वाईट, अशा भाषेत फेरपालटीचे शास्त्र पिढ्यान्पिढ्या बोलले गेले. या एका शब्दात जे सामावले आहे ते सांगण्यास पाश्चात्त्य रसायनशास्त्रास एकोणिसावे शतक संपत यावे लागले. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर होतो, हे हर्मान हेलरीगेल याने १८८६ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या सभेत मांडले. ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या पाल्याच्या हक्कांची चौकशी करणारा मुंबई वन आयोग नेमका याच सुमारास कामाला लागलेला होता. हा योगायोगच; पण एकीकडे कडधान्याच्या मुळांचे रहस्य उलगडत असताना दुसरीकडे भाताच्या रोपासाठी डोंगरावरून किती फांद्या तोडू द्याव्यात यावर साक्षी घेतल्या जात होत्या, हे चित्र अभ्यासकाने नजरेआड करू नये.

ठाणे परिसरात बेवडीचा विचार जमिनीच्या प्रकारानुसार निरनिराळ्या रूपांत दिसतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी अशी भरडधान्ये दोनतीन वर्षे घेऊन पुढे तीळ किंवा खुरासणी घेत आणि मग ती जमीन काही वर्षे पड टाकीत. पड काळात तीवर गवत व झुडपे वाढत. हेच तिचे आच्छादन. सपाट खाचरांत पावसाळ्यात भात हेच एक पीक. मात्र जेथे जमीन भारी व ओल धरणारी, तेथे भात कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर वाल, हरभरा, उडीद यांसारखी कडधान्ये पेरीत. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या ठाणे खंडात राबाची पद्धत आणि कडधान्यांची पिके या दोहोंची नोंद आढळते. वालाचे पीक कोकणात काही अधिकाऱ्याने आणले नाही. बिरड्याच्या रूपाने ते स्वयंपाकघरात इतके रुळले आहे की त्यास 'जमीनसुधारणेचे पीक' म्हणावे असे कोणास सुचतही नाही. परंतु कार्याच्या दृष्टीने पाहता भातानंतरचा वाल हे या परिसराचे खरेखुरे आच्छादन पीक होय. तो पसरून जमीन झाकतो, हिवाळ्याच्या दवावर व उरलेल्या ओलीवर वाढतो, मुळांच्या गाठींतून नत्र देतो आणि पाला गुरांच्या मुखी जातो.

राबाचा वाद

या परिसरातील जमिनीच्या कसाचा इतिहास राबाला वगळून लिहिता येत नाही. पावसाळ्यापूर्वी, साधारणतः फाल्गुन ते वैशाख या काळात, रोपाच्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, वाळले गवत व पालापाचोळा यांचे थर देऊन वर माती पसरीत आणि वाऱ्याची दिशा पाहून ते जाळीत. पहिला पाऊस पडताच त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे आणि रोप वाढल्यावर ते चिखलणी केलेल्या खाचरात लावायचे. राबासाठी लागणारा टहाळ वरकस जमिनीतून आणि लगतच्या डोंगरांतून येई. म्हणजे एका खाचरामागे डोंगराचा एक तुकडा बांधलेला असे.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने हा संबंध तोडण्यास प्रारंभ केला. राखीव जंगलाची आखणी झाली, टहाळ तोडणे गुन्हा ठरू लागले, चराईवर मर्यादा आल्या. महात्मा फुले यांनी १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्यावर केलेली टीका सर्वांस परिचित आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाबरोबर शेतात येते, हा त्यांचा मुद्दा मात्र तुलनेने कमी चर्चिला गेला. तो मुद्दा देशावरील शेतीच्या संदर्भात असला तरी कोकणास तो अधिकच लागू पडतो. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारने १८८५ साली वन आयोग नेमला व त्याचा अहवाल १८८७ साली आला.

या वादात वन अधिकाऱ्यांची बाजू अशी होती की राब ही अडाणी व उधळी प्रथा आहे. शेतकऱ्याने शेणखत व अन्य खते वापरावीत. याउलट, कृषी खात्याच्या प्रयोगांचा कौल निराळा निघाला. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याचे संचालक ई. सी. ओझॅन यांनी लोणावळा परिसरात केलेल्या प्रयोगांत राबाची उपयुक्तता दिसून आली. ग्रेट ब्रिटनमधून आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ नंतर हिंदुस्थानभर दौरा करून १८९३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्यांनीही राबाची दखल घेतली व ती प्रथा निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकली नाही. सरपण व वैरणीसाठी स्वतंत्र राखीव क्षेत्रे निर्माण करावीत, ही त्यांची प्रसिद्ध सूचना याच पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. पुढे १९१२ साली पुणे कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राबपद्धतीवर सविस्तर शोधप्रबंध प्रसिद्ध केला. राखेतील क्षारांइतकाच, किंबहुना अधिक, जमीन तापण्याचा परिणाम महत्त्वाचा आहे, या दिशेने त्यांचे संशोधन गेले. जे शेतकरी अनुभवाने जाणत होता ते प्रयोगशाळेस पटण्यास तीन दशके लागली. यांपैकी कानिटकर हे पुढे सोलापूरकडील कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी नावाजले गेले, हेही नोंदवण्याजोगे आहे.

राबाचे निव्वळ गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. राब रोपाला पोसतो, खाचराला नाही. जाळण्यात सेंद्रिय द्रव्य नष्ट होते आणि नत्र हवेत जातो. डोंगराचा कस खाली आणून तो एका लहान वाफ्यात जाळायचा, असा हा व्यवहार होता व लोकसंख्या वाढताच तो डोंगरास झेपेनासा झाला. परंतु टीका करणाऱ्यांनी राबाऐवजी काय, याचे कामचलाऊ उत्तर दिले नाही. उत्तर म्हणून जे पुढे आले ते तागाचे हिरवळीचे खत.

ताग आणि कोकणचे पंचांग

ताग हे पीक कोकणास अपरिचित नव्हते. किनाऱ्यावर जाळी व दोर यांसाठी त्याचा वाख लागे. नायलॉनची जाळी येईपर्यंत कोळी समाजाला वाखाची निकड होती. पण वाखासाठी ताग पिकवणे वेगळे आणि फुलोऱ्यावर आलेला ताग जमिनीत गाडणे वेगळे. पहिल्यात हाती दोन पैसे येतात. दुसऱ्यात हातचे पीक मातीत घालायचे असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिरवळीच्या खताचा मोठा पुरस्कार झाला. अल्बर्ट हॉवर्ड व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी पुसा येथे तागावर काम केले. पुढे इंदूर येथे कंपोस्टची पद्धत विकसित झाली. १९२६ ते १९२८ या काळात काम करणाऱ्या लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगापुढेही खताचा प्रश्न प्रामुख्याने आला. उत्तर भारतात ही पद्धत का चालू शकते हे उघड आहे : तेथे पावसाळ्यात ताग वाढवून गाडता येतो आणि मुख्य पीक गहू हिवाळ्यात घ्यायचे असते. कोकणात पावसाळा हाच मुख्य पिकाचा हंगाम. ताग गाडण्याजोगा होण्यास सुमारे दीड महिना लागतो. मृगात पेरलेला ताग लावणीच्या वेळी, म्हणजे आषाढात, अद्याप कोवळाच असतो. तो लवकर पेरावा तर उन्हाळ्यात पाणी नाही. लावणी पुढे ढकलावी तर रोप जून होते आणि पीक मागास पडते. येथे शेतकऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न येतच नाही. नक्षत्रांचा हिशेबच जमत नाही.

म्हणून खाचरातल्या खाचरात हिरवळीचे पीक घेण्यापेक्षा बाहेरून हिरवा पाला आणून गाडणे कोकणास अधिक मानवले. मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, ज्यास गावकरी 'उंदीरमारी' म्हणतात, ते बांधावर लावून त्याच्या फांद्या चिखलणीच्या वेळी खाचरात टाकण्याची शिफारस झाली. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारलेल्या 'चारसूत्री' भातशेतीत याच पाल्यास एका सूत्राचे स्थान आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, १५-२५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी, अशी ती रचना आहे. राब आणि चारसूत्री यांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते : राखही राहिली, पालाही राहिला, फक्त पाला डोंगरावरून बांधावर आला. वन अधिनियमाने १८७८ साली जो पाला हिरावला, त्याची भरपाई करण्याचा हा एक शतकानंतरचा प्रयत्न होय, असे म्हणण्यास हरकत नसावी.

दरम्यान एक निराळीच शक्ती या परिसरात शिरली होती. तुर्भ्याचा खतकारखाना १९६० च्या दशकात उत्पादनात आला. १९७८ साली पुनर्रचना होऊन त्याची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स झाली. 'सुफला'चे पोते ठाणे-कल्याणच्या बाजारात सहज मिळू लागल्यावर बेवडीचा विचार मागे पडणे स्वाभाविक होते. वाल परवडतो की नाही हा आता जमिनीच्या कसाचा प्रश्न न राहता केवळ वालाच्या बाजारभावाचा प्रश्न बनला.

कापणीनंतरचे शेत कोणाचे?

आतापर्यंत पाहिलेली कारणे नैसर्गिक व आर्थिक आहेत. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत निर्णायक कारण सामाजिक आहे आणि त्याची चर्चा कृषिविषयक लेखनात अभावानेच होते. ते कारण म्हणजे कापणीनंतरची मोकळी चराई.

भात कापून खळ्यावर गेले की गावाची गुरे मोकळी सोडण्याची कोकणात रूढी आहे. पावसाळाभर गुराख्याच्या हाताखाली असलेली गुरे दिवाळीनंतर उनाड होतात. खाचराची मालकी पावसाळ्यात एका घराची असते. कापणीनंतर त्यावरील खुंट व गवत साऱ्या गावाचे होते. ज्याच्याकडे जमीन नाही पण दोन गुरे आहेत, अशा कुटुंबाचा तर हाच आधार. या व्यवस्थेत एकट्याने वाल पेरायचा म्हणजे चार महिने कुंपण आणि राखण यांचा भार उचलायचा. या पट्ट्यातील वृद्ध आगरी शेतकऱ्यांशी झालेल्या संभाषणात हीच गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. बियाण्याची किंवा ओलाव्याची तक्रार कोणी केली नाही. तक्रार राखणीची होती. वाल जेथे टिकला तेथे तो बहुधा सलग शिवारात टिकला, कारण सर्वांनी पेरला तर राखण वाटून घेता येते.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा अधिनियम केला आणि गावोगाव कोंडवाडे आले. कायद्याने उभ्या पिकाचे रक्षण केले खरे. परंतु शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात घालणे म्हणजे वर्षभराचे वैर विकत घेणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरावरील चराई मर्यादित झाल्यावर गुरांचा भार खाचरांवर अधिकच पडला असणार. येथे वन धोरण आणि फेरपालट यांचा दुसरा, अप्रत्यक्ष संबंध दिसतो : जंगल बंद झाल्याने राबाचा टहाळ गेला, आणि गुरे खाली उतरल्याने दुसऱ्या पिकाची शक्यताही आक्रसली.

या संदर्भात इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. सलगम, सातू, क्लोव्हर व गहू अशी नॉरफोकची चौपिकी फेरपालट कृषिक्रांतीची खूण म्हणून आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. क्लोव्हर व सलगम शेतात उभे राहावयाचे तर कापणीनंतरच्या शेतावरील सामाईक चराई थांबवणे आवश्यक होते, आणि अनेक ठिकाणी ते काम कुंपणबंदीने केले. फेरपालट आली ती गरिबांच्या चराईच्या हक्कावर पाय देऊन. पाठ्यपुस्तकात क्लोव्हर एका प्रकरणात असतो व कुंपणबंदी दुसऱ्या प्रकरणात. म्हणून हा संबंध निसटतो. ठाणे परिसरात कुंपणबंदी झाली नाही, आणि क्लोव्हरसारखे पीकही सार्वत्रिक झाले नाही. याला 'मागासलेपण' म्हणावयाचे की भूमिहीनांच्या हक्काचे रक्षण, हे अभ्यासकाने आपल्या भूमिकेप्रमाणे ठरवावे. मात्र दोन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या बाजू आहेत, हे विसरता कामा नये.

जिल्ह्यातील वरकस जमिनीवरील गवतास मुंबईच्या तबेल्यांमुळे नगदी पिकाचे मोल आले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल. १९४५ ते १९४७ दरम्यान गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या वारल्यांच्या लढ्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता. जेथे गवताच्या पेंढीस शहर रोख पैसे देते, तेथे जमीन झाकण्यासाठी ताग पेरण्याचा सल्ला जमीनमालकास पटणार नाही. कुळाची स्थितीही वेगळी नव्हती. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन येईपर्यंत, पुढील वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील याचीच ज्याला खात्री नव्हती, त्याने बेवडीची चिंता कशासाठी करावी?

नवे प्रयोग व उरलेली जमीन

अलीकडील काळात या प्रश्नास नवे वळण मिळाले ते शेजारच्या रायगड जिल्ह्यात. नेरळजवळच्या सगुणा बागेतील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरणी, चिखलणी व लावणी या तिन्हींना फाटा दिला जातो. कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकून घ्यायचे, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा यासारखे पीक टोकायचे, अशी ती पद्धत आहे. मुळांच्या जागी पोकळ्या व सेंद्रिय द्रव्य राहते, धूप थांबते, मजुरी वाचते. चिखलणीमुळे तयार होणारा कठीण थर टळल्याने भातानंतरच्या कडधान्यास जमीन अधिक अनुकूल राहते, हा त्यातील मर्म. तथापि या तंत्रात तण मारण्यासाठी ग्लायफोसेटसारख्या तणनाशकावर विसंबावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हे द्रव्य 'संभाव्य कर्ककारक' गटात घातले आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. जमीन जपण्याचे तंत्र रसायनाच्या आधारावर उभे असावे, ही विसंगती त्याच्या पुरस्कर्त्यांनीच सोडवावी लागेल. आणि गुरांचा प्रश्न येथेही संपत नाही; वाफा गुरांच्या खुरांखाली गेला की तंत्राचा पायाच ढासळतो.

मुरबाड, शहापूर या तालुक्यांत अद्याप भातशेतीचे मोठे क्षेत्र असल्याने तेथे हा विचार कामाचा आहे. घोडबंदर रस्त्यावर मात्र घटना वेगळ्या वाटेने गेल्या. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली व हा पट्टा शहराचा भाग बनला. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाआड गेला, खाडीकाठ तिवरांच्या संरक्षणाखाली आला आणि मधली खाचरे विकासकांकडे गेली. मोघरपाड्याच्या जमिनीवर मेट्रोच्या कारशेडची योजना आली तेव्हा तेथे वर्षानुवर्षे भात पिकवणाऱ्यांचा मोबदला हा वादाचा विषय ठरला. कसणाऱ्याचा हक्क नेमका कशावर, जमिनीवर की तिच्यात घातलेल्या श्रमावर, हा १८८५ चा प्रश्न निराळ्या कागदांवर पुन्हा मांडला गेला.

ज्या मोकळ्या चराईने वाल हटवला ती गुरेही आता या गावांतून जवळजवळ गेली आहेत. म्हणजे आज कोणी वाल पेरला तर राखणीचा त्रास पूर्वीइतका नाही. पण पेरायला खाचर कोठे आहे? ओवळे-भाईंदरपाड्याच्या बाजूस जे थोडे तुकडे उरले आहेत, त्यांच्या बांधावर उंदीरमारीची झाडे अजूनही दिसतात. गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह तेथे गेलो असता त्यांचा पाला खाचरात टाकता का, असे आम्ही एका शेतकऱ्यास विचारले. त्यांनी ती झाडे हद्द दाखवण्यासाठी ठेवल्याचे सांगितले; जमिनीची मोजणी अजून व्हायची होती.